आयनायझर सगळ्यात शेवटी: घरातली हवा नीट करण्याचा क्रम

एप्रिलमध्ये पारोळ्याजवळच्या एका घरी कूलरचा पंप बघायला गेलो होतो. घरमालक जिभाऊंनी कूलर राहू दिला आणि आधी भिंतीवरचं पांढरं डबडं, म्हणजे आयनायझर, दाखवलं. "आयन सोडतं म्हणे. दोन महिने झाले लावून, पण आईचा खोकला हटत नाही." डबड्याभोवती भिंतीवर ताटाएवढा काळा डाग पडला होता. त्याच्या बरोबर खाली बशीत डासांची कॉइल धुमसत होती. दोन्ही खिडक्या बंद, का तर आयन बाहेर जातील. आतल्या खोलीत छतापर्यंत कापूस, चांगल्या भावाची वाट बघत पडलेला. आजी म्हणाल्या, "आते काय करानं, भाऊ?"

असं घर या उन्हाळ्यात मी चौथ्यांदा पाहिलं. यंत्रं वेगवेगळी होती, चूक एकच: जे काम शेवटी करायचं ते सगळ्यात आधी केलेलं. म्हणून हा क्रम लिहून काढतोय. यातल्या पहिल्या चार टप्प्यांना फारसे पैसे लागत नाहीत, आणि बहुतेक घरांचं काम तिथेच भागतं.

## सुरुवातीला एवढं डोक्यात ठेवा

निगेटिव्ह आयन म्हणजे ऋण आयन. हवेतल्या रेणूला एक इलेक्ट्रॉन जास्तीचा चिकटला की तो तयार होतो. जमिनीतून झिरपणारा रेडॉन वायू, अवकाशातून येणारे किरण, वीज आणि आदळून फुटणारं पाणी यांच्यामुळे असे आयन सतत बनत असतात. पाणी फुटताना जवळच्या हवेवर ऋण भार येतो, हे लेनार्ड या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये दाखवलं. श्रावणात मनुदेवीच्या धबधब्याजवळ उभं राहिलं की आसपासच्या हवेत घन सेंटिमीटरमागे हजारो आयन असतात. मोकळ्या शिवारात शेकड्यांत ते हजार-दोन हजार, आणि बंद, धुरकट खोलीत त्याहून बरेच कमी.

हे आकडे मोठे वाटतात, पण त्याच एका घन सेंटिमीटरमध्ये हवेचे रेणू असतात साधारण २५ वर १८ शून्यं इतके. दुसरं म्हणजे आयनाचं आयुष्य काही सेकंद ते काही मिनिटं. धुळीच्या किंवा धुराच्या कणाला चिकटला की त्याचं काम संपलं. त्यामुळे खोलीत आयन कमी असले तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ खोलीत धूर-धूळ जास्त आहे, एवढाच. धूर तसाच ठेवून वरून आयन ओतणं म्हणजे बूड फुटलेल्या बादलीत पाणी भरणं.

तब्येतीचं म्हणाल तर सुमारे पाच दशकांतल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चिंता, मूड, झोप किंवा मन शांत होणं यांवर आयनांचा भरवशाचा परिणाम त्यात दिसला नाही. नैराश्याच्या रुग्णांत लक्षणं काहीशी कमी झाल्याचं दिसलं, तेही फार जास्त मात्रेत. तशा प्रयोगांत घन सेंटिमीटरमागे लाखांच्या घरात आयन सोडणारी खास यंत्रं समोर ठेवून माणसाला बसवलेलं होतं. भिंतीवरचं डबडं म्हणजे ते यंत्र नव्हे. दम्यासाठी आयनायझर वापरून पाहिलेल्या प्रयोगांच्या आढाव्यातही ठोस फायदा निघाला नाही. बीपी, शुगर, सांधेदुखी आयनाने बरी होते असं कोणी सांगितलं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

खबरदारी: यंत्र आणलं म्हणून दम्याचा पंप किंवा कोणतीही गोळी बंद करू नका. मन सतत खचलेलं असेल तर डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

## टप्पा १: दोन दिवस फक्त बघा

काहीही विकत घेण्याआधी एक वही घ्या. दोन दिवस एवढंच लिहा: घरात धूर कधी आणि कशाचा झाला, खिडक्या किती वाजता उघड्या होत्या, कोणाला कधी खोकला, शिंका किंवा डोळ्यांची आग झाली. पारोळ्याच्या घरात ही वही भरली तेव्हा आजींचा खोकला रोज संध्याकाळी सातनंतर सुरू होतो असं दिसलं. कॉइल पावणेसातला लागायची.

मग अगरबत्तीची चाचणी करा. एकच अगरबत्ती पेटवून खिडकीच्या फटीशी, दाराच्या उंबऱ्याशी, स्वयंपाकघराच्या दारात आणि पलंगाच्या उशाशी धरा. धूर कुठे ओढला जातो, कुठे सरळ वर जातो, कुठे घुटमळतो ते पाहा. घुटमळला ती जागा मेलेली, तिथे हवा फिरत नाही. काम झालं की अगरबत्ती विझवा. देवापुढची वेगळी, ही मापायची.

पीएम २.५, म्हणजे हवेतले बारीक कण, मोजणारं छोटं मीटर कोणाकडून मिळालं तर उत्तम. भारतातलं २४ तासांच्या सरासरीचं मानक घन मीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा १५. ही मानकं बाहेरच्या हवेसाठीची, पण अंदाजाला चालतात. स्वस्त मीटरच्या नेमक्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नका. फोडणीआधी किती, फोडणीनंतर किती, अर्ध्या तासाने किती, हा फरक बघा. तेवढं ते खरं सांगतं.

## टप्पा २: धूर जिथे होतो तिथेच थांबवा

हा टप्पा सगळे टाळतात, कारण यात सवय बदलावी लागते.

कॉइल. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे पीएम २.५ कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. ज्या घरात कोणी बिडी ओढत नाही तिथे नातवाच्या उशाशी रोज हे जळतं. खिडक्यांना जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी लावा. जाळी आधी लावा आणि कॉइल नंतर बंद करा. उलटं केलंत तर दुसऱ्याच रात्री कॉइल परत येते, हे मी माझ्याच घरात पाहिलंय.

चूल आणि भरीत. कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याची चव गॅसला येत नाही, याबद्दल वाद नाही. ते भाजणं अंगणात किंवा शेतात करा. पडवीत नको, कारण पडवीतला धूर वाऱ्याबरोबर आतच येतो. पाणी तापवायची चूल रोज पेटत असेल तर तीही दारापासून लांब, वारा घराकडून बाहेर जाईल अशा अंगाला हलवा. धाब्याच्या जुन्या घरात धूर जायला छताला भोक असायचं. पुष्कळ ठिकाणी ते पत्र्याने किंवा सिमेंटने बुजवलंय आणि खाली चूल मात्र तशीच आहे. एक तर चूल हलवा, नाही तर भोक उघडा.

फोडणी. शेवभाजीच्या काळ्या मसाल्याची फोडणी आणि सुकी मिरची भाजणं, या वेळी हवेतले कण झपकन चढतात. एक्झॉस्ट पंखा फोडणी टाकण्याआधी दोन मिनिटं लावा आणि स्वयंपाक झाल्यावर पंधरा मिनिटं चालू ठेवा. ठसका लागल्यावर लावला तर उशीर झालेला असतो.

एक्झॉस्टची खरी चूक जागेची असते. पंख्याला लागूनच खिडकी उघडी असेल तर पंखा त्याच खिडकीतली हवा ओढतो आणि तिथल्या तिथे बाहेर फेकतो; शेगडीवरचा धूर जागचा हलत नाही. ती खिडकी बंद करा आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी उघडा.

तपासा: एक्झॉस्ट चालू करून अगरबत्ती स्वयंपाकघराच्या दारात धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. बैठकीकडे येत असेल तर मांडणी चुकली आहे.

खबरदारी: डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. कोणताही आयनायझर किंवा फिल्टर तो वायू काढत नाही.

## टप्पा ३: हवा वाहती करा, पण खान्देशच्या घड्याळाने

"खिडक्या उघड्या ठेवा" हा सल्ला पुण्याला ठीक आहे. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी बाराला खिडकी उघडणारा माणूस मला अजून भेटायचाय. म्हणून वेळा पाळायच्या.

उन्हाळ्यात पहाटे पाच ते आठ सगळी दारं-खिडक्या उघडा, समोरासमोरच्या तर नक्कीच. दहा-साडेदहानंतर उन्हाच्या बाजूच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. संध्याकाळी झळा थांबल्या की पुन्हा उघडा. रस्त्यावर धुळीचा लोट असेल किंवा शेजारी कचरा जळत असेल तर तेवढा वेळ थांबा. दिवाळीच्या रात्री उलटं करायचं: फटाके सुरू होण्याआधी बंद, पहाटे हवा निवळली की उघड.

आता कूलर. आमच्याकडे उन्हाळ्यात हवा बदलायचं हे सगळ्यात मोठं यंत्र, आणि दहातली सात घरं तो चुकीचा लावतात.

१. कूलर खिडकीबाहेर किंवा खिडकीत असा बसवा की तो बाहेरचीच हवा ओढेल. खोलीच्या मधोमध ठेवला तर तीच ओली हवा फिरत राहते. तासाभरात अंग चिकचिकतं आणि मग लोक पंप बदलायला मला बोलावतात.

२. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडं ठेवा. जेवढी हवा आत येते तेवढी बाहेर जायला वाट हवी. "गारवा जाईल" म्हणून दार लावणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. वाट मिळाली की कूलर जास्त गार करतो.

३. हवा जायची वाट अशी निवडा की वारा माणसांवरून जाऊन स्वयंपाकघराकडून बाहेर पडेल. स्वयंपाकघराकडून बैठकीत येणारा वारा फोडणी सोबत आणतो.

४. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करा आणि कडा घासा. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून कोरडी राहतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात.

५. पाऊस लागला की कूलर बंद. हवेतच ओल असते, वर आणखी ओल घातली की भिंतीला बुरशी धरते.

कूलरमधून धबधब्यासारखे आयन येतात असंही कोणी कोणी सांगतं. जाळीतून पाणी निथळतं, कड्यावरून पडल्यासारखं आदळून फुटत नाही. कूलरसमोर बरं वाटतं ते गारव्याने आणि ताज्या हवेने. तेवढं पुरे आहे.

स्प्लिट एसीचं वेगळं. घरात बसवतात ते बहुतेक स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाहीत. चार जण दार लावून झोपले तर पहाटेपर्यंत कार्बन डायऑक्साइड दीड-दोन हजार पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) सहज जातो. बाहेर तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. सकाळी डोकं जड होण्यामागे हे एक कारण असू शकतं. झोपण्याआधी दहा मिनिटं खोली मोकळी करा आणि दाराला किंवा खिडकीला बोटभर फट ठेवा.

## टप्पा ४: धूळ उचला, उडवू नका

आधी वरचं, मग खालचं. पंख्याची पाती ओल्या फडक्याने पुसा, मग माळा आणि कपाटाचं डोकं, शेवटी फरशी. कोरड्या झाडूने फटाफटा झाडलं की बारीक धूळ तासन्‌तास तरंगते. झाडायचंच असेल तर खिडक्या उघडून, घरात दम्याचं माणूस नसताना, आणि लगेच ओलं फडकं फिरवा. पडदे आणि सोलापुरी चादरी गच्चीवर झटका, खोलीत नाही.

कापूस घरात भरलेला असेल तर त्याचं आधी बघा. भाव नाही म्हणून तो महिनोन्‌महिने पडून राहतो आणि त्यातून तंतू, धूळ, किडे निघतात. अंगाला खाज सुटते ती वेगळीच. झोपायची खोली आणि कापसाची खोली यांच्यात दार हवं, ते बंद हवं, खालची फट कापडाने बुजवलेली हवी. कापूस हलवताना तोंडाला मास्क बांधा. त्या खोलीत आयनायझर, अगरबत्ती, कॉइल, उघडी वायर यांपैकी काहीही नको. आयनायझरच्या आयन सोडणाऱ्या सुयांवर तंतू ओढले जाऊन चिकटतात, आणि विजेच्या उच्च दाबाच्या सुईशेजारी कापूस म्हणजे आगीला आमंत्रण.

तपासा: चार टप्पे झाल्यावर पुन्हा दोन दिवस वही लिहा. खोकला, शिंका, डोळ्यांची आग कमी झाली असेल तर इथेच थांबा. पुढचं वाचायची गरज नाही.

## टप्पा ५: यंत्र हवंच असेल तर आधी फिल्टर

घर रस्त्यालगत असेल, जवळ जिनिंग किंवा डाळ मिल असेल, किंवा घरात फुप्फुसांचा रुग्ण असेल तर यंत्राला अर्थ आहे. पण ते हेपा फिल्टरचं असावं. असा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ९९.९७ टक्के कण अडवतो आणि ते कण त्याच्यातच राहतात. आयनायझर कणांवर भार चढवतो आणि ते भिंतीवर, पडद्यावर, पलंगावर चिकटतात. झटकलं की परत हवेत.

आकार असा काढा. खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट, म्हणजे १२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर ३४ गुणिले ५, म्हणजे १७० घनमीटर. यंत्रावर सीएडीआर (तासाला किती स्वच्छ हवा मिळते) या नावाने लिहिलेला आकडा याहून कमी नको. "५०० चौरस फुटांसाठी" असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, ते वाचू नका.

यंत्र चालू असताना खिडक्या बंद ठेवा, पण टप्पा ३ मधल्या वेळा सोडू नका. बाहेरची जाळीची गाळणी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी साफ करा. आतला हेपा मात्र कधीच धुवायचा नाही, तो बदलायचा. उन्हात वाळवलेला हेपा मला एका गिऱ्हाइकाने मोठ्या अभिमानाने दाखवला होता. फडक्याइतकीच त्याची किंमत उरली होती.

## टप्पा ६: आयनायझर घ्यायचाच असेल तर

कोणाच्या घरात नको: दमा किंवा जुनाट फुप्फुसांचा आजार असलेला रुग्ण, तान्हं बाळ, आणि ऑक्सिजनचं सिलिंडर किंवा मशीन लावलेला माणूस. शेवटच्या बाबतीत ठिणगीचा धोका आहे, त्यामुळे एकाच खोलीत तर अजिबात नाही.

या बंदीचं मुख्य कारण ओझोन वायू. सुईच्या टोकाला विजेचा उच्च दाब देऊन आयन काढताना थोडा ओझोनही बनतो. आकाशात वर तो कामाचा, नाकात गेला की घसा आणि फुप्फुसांना त्रास. कॅलिफोर्नियात घरगुती हवाशुद्धी यंत्रांसाठी ०.०५० पीपीएम ही कमाल मर्यादा कायद्याने घातली आहे. खरेदी करताना हे बघा:

१. ओझोन ०.०५ पीपीएमपेक्षा कमी असल्याचा चाचणी अहवाल. विक्रेता नुसता "ओझोन फ्री" म्हणत असेल तर अहवाल मागा.

२. फिल्टरच्या यंत्रात आयनचं वेगळं बटण, म्हणजे ते बंद ठेवता येईल. एसीतही असं बटण असतं, ते बंद ठेवलं तरी गारव्यात फरक पडत नाही.

३. "दोन कोटी आयन" असं लिहिलेलं असेल तर विचारा: सेकंदाला, की घन सेंटिमीटरला? आणि किती अंतरावर? सुईशेजारी मोजलेला आकडा पलंगापाशी काही उपयोगाचा नाही.

४. ओझोनने खोली ताजी करतो अशी जाहिरात असलेलं यंत्र माणसं राहतात त्या खोलीसाठी घेऊच नका.

बसवताना: भिंतीपासून दोन-तीन फूट लांब, उशापासून दूर, टीव्ही आणि पडद्यापासून बाजूला. खोलीत पंखा हळू चालू असू द्या. पहिल्या आठवड्यात दिवसाच, एका वेळी तासभर लावा. लिंबाच्या वासाच्या द्रवाने फरशी पुसल्यावर लगेच चालू करू नका. त्या वासातले पदार्थ आणि ओझोन मिळून फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात.

तपासा, नाकाने: यंत्र तासभर चालू ठेवून दहा मिनिटं बाहेर अंगणात जा आणि परत आत या. वीज कडाडल्यावर किंवा झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा तिखट वास आला तर यंत्र बंद. खोलीत बसूनच हुंगलं तर नाक सवयीने फसवतं.

तपासा, कागदाने: यंत्रामागच्या भिंतीवर पांढरा कोरा कागद आठवडाभर चिकटवा. काळा पडला तर लोक खूश होतात, "बघा किती घाण ओढली." त्याचा खरा अर्थ घरात अजून धूर होतोय, असा आहे. टप्पा २ वर परत जा.

महिन्यातून एकदा प्लग काढून, पाच-दहा मिनिटं थांबून, सुया कापसाच्या बोळ्याने कोरड्या पुसा. मळलेली सुई आयन कमी सोडते आणि चरचरते.

हे घेऊच नका: मिठाचा दिवा मोजण्याजोगे आयन सोडत नाही, पावसाळ्यात तेवढा पाझरतो आणि वायर खराब करतो. आयनवाली पदकं, कडी आणि लॉकेट याहून वाईट. काहींत किरणोत्सारी खनिज घातलेलं असतं. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने डिसेंबर २०२१ मध्ये अशा दहा वस्तू घालू नका असा इशारा दिला होता. घरात असेल तर मुलाच्या गळ्यातून आधी काढा. तुळस दारात जरूर असावी, पण ती खोलीतला धूर गाळेल ही अपेक्षा तिच्याकडून नको.

## टप्पा ७: दोन आठवड्यांचा हिशेब

एक आठवडा यंत्र चालू, एक आठवडा बंद. बाकी काही बदलू नका. शक्य असेल तर चालू-बंद घरातल्या एकाने करावं आणि वही दुसऱ्याने लिहावी, म्हणजे मनाचे खेळ कमी होतात. दोन्ही आठवडे सारखेच निघाले तर यंत्र खोक्यात घाला. घसा खवखवणं, छातीत दाटणं, डोळे चुरचुरणं वाढलं तर आठवडा पुरा व्हायची वाट बघू नका, त्याच दिवशी बंद करा. खोकला दोन आठवड्यांवर टिकला तर हवा बाजूला ठेवा आणि छाती तपासून घ्या.

जिभाऊंच्या भिंतीवरच्या डागाचं काय करायचं, हे त्यांनी फोनवर विचारलं होतं. तो डाग काजळीचा. पाणी लावून घासलं की पसरतो. आधी कोरड्या स्पंजने अलगद टिपून घ्या, मग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने वरून खाली पुसा आणि दोन दिवस वाळू द्या. त्यानंतर प्रायमरचा एक हात, आणि मगच रंग. थेट चुना मारला तर पंधरा दिवसांत डाग पुन्हा वर येतो.